पिसासारखी सिस्टिम

घरात त्यांना सगळे साहेब म्हणत, कारण ऑफिसात तसं म्हणायला कोणी तयार नव्हतं. असा हा ताईचा नवरा. जगात अक्कल वाटली तेव्हा आपण एकटेच हजर होतो, बाकीचे झोपले होते, अशी त्यांची खात्री होती.

ताईला एका प्रकाशनात मुद्रितं तपासायचं काम मिळण्याची आशा होती. लग्नाआधी ती हेच करायची. एक काना इकडचा तिकडे झाला तरी तिच्या डोळ्यांत खुपायचा. नंतर ती नजर मुलांच्या वह्या तपासण्यात गेली. आता मुलं मोठी झाली होती आणि हे काम तिला हवं होतं, अगदी जीव टाकून हवं होतं. दुपारी चार ते पाच ऑनलाइन परीक्षा. मोबाइलवर उघडणार नाही, पाचला बंद, असं प्रकाशनवाल्यांनी स्वच्छ कळवलं होतं.

लॅपटॉप जुना होता, पण रडतखडत का होईना चालत होता. नेमका आदल्या संध्याकाळी साहेबांना पुळका आला.

"हे डबडं काय परीक्षा देणार! थांब, विंडोज काढून पिसासारखं हलकं लिनक्स टाकतो. घोड्यासारखं पळेल."

"अहो, परवा टाका ना. परीक्षा होऊन जाऊ दे."

"तुला त्यातलं काय कळतं?"

झालं! जुनं सगळं पुसलं, नवं टाकलं. ते पळत होतं खरं, पण वायफायचा पत्ता नव्हता. वायफायच्या कार्डाला जागं करायला एक फाइल लागते, आणि सिस्टिम हलकी करणाऱ्यांनी तीच काढून टाकली होती. साहेबांनी मात्र आधी कार्ड बनवणाऱ्यांना शिव्या दिल्या, मग दुकानदाराला, मग सगळ्या अडाणी दुनियेला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळपासून ते पडद्यावरच्या काळ्या खिडकीत काहीबाही आज्ञा बडवत बसले. ताईने जेवायला हाक मारली तर म्हणाले, "डिस्टर्ब करू नकोस."

ताईच्या धाकट्या भावाचा फोन आला. "भावोजी, सरळ राउटरला वायर जोडा की. दोन तर वाजून गेले."

"वायर?" साहेबांनी नाक मुरडलं. "वायरच लावायची तर माझी गरज काय?"

खरंच काय, असं ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं.

शेवटी ती फाइल सापडली. साहेबांनी मोबाइलवर उतरवून लॅपटॉपमध्ये घातली, आणखी वीसेक आज्ञा दिल्या, आणि वायफाय लागलं! ताईचा जीव भांड्यात पडला. परीक्षेचं पान उघडलंसुद्धा. चार वाजायला अजून पाऊण तास होता. ती खुर्ची ओढून बसणार, तोच साहेबांनी तिचा हात बाजूला केला.

"थांब. बंद करून चालू केलं तरी आपोआप लागतं का बघू. पक्कं काम म्हणतात याला."

"नका हो! चाललंय ना? राहू द्या तसंच."

"म्हणूनच तुम्ही लोक मागे राहता."

बंद करताना पडद्यावर एक चौकट आली. ही इवलीशी सिस्टिम सगळं तात्पुरतं लक्षात ठेवते आणि जाताना विचारते: आज केलेलं जपून ठेवायचं का? वाचणं साहेबांच्या स्वभावात नव्हतं. "फालतू प्रश्न," म्हणत त्यांनी 'नाही' दाबलं.

लॅपटॉप पुन्हा उठला तो कोरा. फाइल गेली, पासवर्ड गेला, दिवसभराची ती सगळी बडवाबडव गेली. आणि कुठल्या आज्ञेनंतर कुठली दिली होती, हे साहेबांना आठवेना. चार वाजले. "दोन मिनिटं," साहेब म्हणाले. सव्वाचार झाले. "हे काय, लागलंच."

ताईने त्यांच्या हातातून लॅपटॉप अक्षरशः ओढून घेतला. राउटर दाराशी, चपलांच्या कपाटावर होता, आणि वायर हातभर. ती तिथेच स्टुलावर बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि वायर खोचली. पान क्षणात उघडलं. इतकं सोपं होतं मेलं! तिला रडू आलं ते रागाने, पण रडायलाही वेळ नव्हता. मागे उभे राहून साहेब सांगत होते, "वायर काढ गं, मी नीट लावून देतो." तिने मान वर केली नाही. पाचला परीक्षा बंद झाली तेव्हा शेवटची दोन पानं तशीच राहिली होती. त्यातल्या चुका तिला दिसल्या होत्या. दुरुस्त करायला वेळ उरला नाही.

साहेबांनी लॅपटॉप परत ताब्यात घेतला. दिवे लागायच्या सुमारास वायफाय लागलं आणि त्यांनी लगेच मेहुण्याला फोन केला.

"लागलं बरं का! तुझ्या ताईची परीक्षा झकास झाली. मी होतो म्हणून. तुझाही लॅपटॉप आण, हलका करून देतो." मग फोन कानाशी तसाच धरून ताईला म्हणाले, "अगं, लॅपटॉप बंद कर."

ताईने बंद करायला घेतला. चौकट आली. तिने ती मुद्रित वाचावं तशी वाचली, एकेक अक्षर, अगदी शेवटच्या प्रश्नचिन्हापर्यंत. आज केलेलं जपून ठेवायचं का?

तिने 'नाही' दाबलं आणि झाकण लावलं.