वंगणबुवांचं बिनतेलाचं इंजिन

गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत त्या रविवारी मुंगीला शिरायला वाट नव्हती. मधोमध एक मोटार, तिच्याखाली घमेलं आणि शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले वंगणबुवा. बुवांनी स्वतः वाकून इंजिनाखालचा बोल्ट काढला. काळंकुट्ट तेल बदाबदा पडलं, मग धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही नाहीत. बोल्ट परत बसवून बुवांनी डोळे मिटले, ओठ हलवले, हिरव्या बाटलीतलं झाकणभर ‘अमृतवंगण’ इंजिनात ओतलं आणि किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. लोकांनी हात जोडले.

“तेल मरत नसतं बाळांनो, तुमची श्रद्धा मरते,” बुवा म्हणाले. “कंपन्या सांगतात, बदला, बदला. अरे, अंगातलं रक्त बदलता का कधी?”

अंगातलं रक्त शरीर सतत नवं करत असतं, हे आमच्या वर्गातलं ढ पोरगंही सांगेल. पण तिथे मोठमोठी माणसं माना डोलावत होती आणि त्यांत माझी आत्या होती.

आत्या शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. एकदा मेकॅनिक म्हणाला होता, जरा घट्ट तेल टाकू, आवाज दबेल. तिने गाडीसोबत आलेलं पुस्तक त्याच्या नाकासमोर धरलं होतं. कुठलं तेल, किती किलोमीटरला बदलायचं, गाडी कमी फिरली तरी किती महिन्यांनी, सगळं त्यात छापलेलं. अशी ही बाई बुवांची बाटली घेऊन आली आणि मग वर्षभर तिने तेलाला हात लावला नाही. गेल्या महिन्यात भर पुलावर, आत मुलं बसलेली असताना, इंजिन जाम झालं. मुलं सुखरूप उतरली. शाळेने फेऱ्या दुसऱ्याला दिल्या. इंजिन दुरुस्त झालं की बघू, एवढं मात्र म्हणाले.

आत्या रडत बुवांकडे गेली. बुवांनी शांतपणे विचारलं, घरात कोणी शंकेखोर आहे का?

घरात शंका काढणारी मी एकटीच, म्हणून तेव्हापासून आत्या माझ्याशी धड बोलत नव्हती. आता याच गॅरेजात व्हॅनला नवे भाग बसले होते, आणि त्याच इंजिनात ओतायला ती दुसरी बाटली घ्यायला आली होती. म्हणून मीही आले होते, तयारीनिशी.

मी पुढे झाले आणि बुवांना म्हटलं, “हेच सगळं बाटलीशिवाय करून दाखवा.”

बुवा हसले. म्हणाले, पोरी, यंत्राची परीक्षा घेऊ नये. कोणीतरी मागून म्हणालं, आईबापांनी लाडावून ठेवलंय. तरी माझा आवाज लटपटला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

भंगारवाल्याला मी आदल्या दिवशीच पटवलं होतं. दुसऱ्या दिवशी तोडायची असलेली एक मोटार त्याने चालवत आणली. तेल सगळ्यांसमोर काढलं. ना मंत्र, ना बाटली. किल्ली फिरवली, तर ती गाडीही सुरू. बुवांची चालली तेवढा वेळ चालली. भंगारवाला बॉनेटला टेकून म्हणाला, आता माझ्याही पाया पडा.

कोणी हसलं नाही. मी सांगून टाकलं: तेल काढलं तरी त्याचा पातळ थर आतल्या भागांना चिकटून राहतो. जागेवर, काही ओझं न ओढता चालणारं इंजिन तेवढ्यावर थोडा वेळ निघतं. बुवा तेवढाच वेळ दाखवतात. मग भंगारवाल्याने चार धष्टपुष्ट माणसं गाडीत बसवली आणि गाडी गॅरेजशेजारच्या चढावर घातली. अर्ध्या चढावर आतून हातोडे मारल्यासारखा आवाज आला आणि इंजिन जाम झालं.

“आता तुमची आणा चढावर,” मी बुवांना म्हटलं.

बुवा बाटल्या आवरून दुसऱ्याच गाडीत जाऊन बसले. म्हणाले, या जागेची हवा दूषित झाली. आणि खरं सांगते, निम्मे लोक त्यांच्यामागे गेले, गाडीच्या खिडकीतून बाटली मागत.

आत्या तिथेच उभी होती.

“म्हणजे गाडी तुझ्यामुळे नव्हती बंद पडली,” ती म्हणाली.

“नाही गं आत्या.”

“माझ्यामुळे पडली.”

मला ‘नाही’ म्हणायचं होतं. म्हणता आलं नाही. ती गॅरेजमध्ये गेली, पुस्तकात लिहिलंय तेच तेल भरून घेतलं आणि मला न घेता घरी गेली. फेऱ्या अजून दुसऱ्याकडेच आहेत.

तेल काळं पडतं, कारण ते इंजिनातली घाण स्वतःत धरून ठेवतं. धरून धरून ते थकतं, घट्ट होतं, तेव्हा बदलावं लागतं. यात गूढ काही नाही, म्हणूनच कोणी त्याला हात जोडत नाही. चमत्कार बघाल तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा, की हे बाटलीशिवाय झालं असतं का? मोठ्यांनो, तुम्ही विचारा. आम्ही विचारलं की उद्धट ठरतो.