विमान जाईपर्यंत

मीनाक्षीने निळा ब्लेझर चढवला, पलंगावरच्या उघड्या बॅगेला वळसा घातला आणि आईपुढे ताठ उभी राहिली.

“आता मी रॉटरडॅमच्या कंपनीत आहे आणि तू तिथली मॅनेजर. चलो, माझं प्रेझेंटेशन ऐक.”

आई मेतकुटाच्या पुडीला दुसरी पिशवी गुंडाळत होती. “बोल. मॅनेजर ऐकतेय.”

मीनाक्षीने तोंड उघडलं आणि विमान आलं. दिल्लीच्या द्वारकेत हे रोजचंच. विमानतळ हाकेवर, विमानं गच्चीला घासून गेल्यासारखी जात, काचा थरथरत. त्या आवाजावर आवाज चढवायचा नाही, हा या घरचा नेम. विमान गेलं की वाक्य सोडलं तिथून उचलायचं. बाबा होते तेव्हा तेही हातातला घास धरून थांबत. पाहुण्यांना हसू येई, पण मायलेकींना त्यात काही वावगं वाटत नसे.

एमबीएचं एक सेमिस्टर, कंपनीतल्या प्रोजेक्टसकट, तिकडे करायला मीनाक्षीची निवड झाली, तेव्हापासून ती तरंगतच होती. वर्गात बसली तरी डोळ्यांपुढे बंदर, उंच क्रेन, करडं शांत पाणी. आणि त्या पाण्याच्या काठाला, कशी कोण जाणे, घरच्या बाल्कनीतली वेताची खुर्ची. तिच्यात आई, एकटीच.

आई मात्र चकार शब्द काढत नव्हती. रुसली असती तरी परवडलं असतं! मोजे घे, मेतकूट घे, एवढंच. ‘खुशाल जा’ नाही, की ‘नको जाऊस’ नाही. तिच्या तोंडून ‘जा’ ऐकल्याशिवाय मीनाक्षीचं पाऊल उचलणार नव्हतं.

“आई, मी गेल्यावर तुझं काय गं? खरं सांग.”

“मला काय होतंय? बरं, ते लोकरीचे...”

पुन्हा विमान. आई थांबली. आणि मग, नेम मोडून, बोलू लागली. मान खाली घालून, ब्लेझरच्या बाहीवरचा सुटा दोरा ओढत ती बोलतच राहिली. एक अक्षर कानी पडेना. नुसते ओठ हलत होते. एकदा तिने बाबांच्या फोटोकडे हात केला, एकदा छातीवर ठेवला. मध्येच हसलीसुद्धा. मीनाक्षी बघतच राहिली.

आवाज ओसरला.

“...मोजे घेतलेस का?” आईने विचारलं.

“घेतले,” मीनाक्षी कसंबसं म्हणाली. काय बोललीस, हे तिने विचारलं नाही. ती आईला खेटून बसली, तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पुढच्या विमानाची वाट बघू लागली.

ते आलं तेव्हा तिनेही सगळं बोलून घेतलं. भीती वाटते, तुला सोडवत नाही, आणि तरीही जायचंय, फार फार जायचंय. आई समोरच्या भिंतीकडे बघत होती.

विमान गेलं.

“काही म्हणालीस?”

“नाही.”

“अच्छा.” आईने ओढणीच्या टोकाने तिचे डोळे पुसले. “जा तू. मी राहीन.”

मग तिने ब्लेझरची कॉलर नीट केली.

“चलो, उभी राहा. मॅनेजर खोळंबलीय.”