शनिवारचं इंजेक्शन

ताई कपडे दुरुस्त करायची. नवे शिवायची नाही. चेन बसवणं, कमर सैल करणं, उसवलेलं अस्तर टाचणं, हीच तिची कामं. दोन खोल्यांपैकी पुढची दुकान आणि मागची घर, आणि मधल्या दारात खुर्ची टाकून तिचे बाबा बसलेले असायचे. बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली होती. आता चार वर्षं झाली, त्यांच्या डोक्यातले सगळे रस्ते एकमेकांत मिसळले होते. ताईला ते मुलगी म्हणून क्वचितच ओळखत. बहुतेक वेळा ती त्यांची कंडक्टर असे. ताईनेही ते मान्य करून टाकलं होतं. आंघोळीला न्यायचं असलं की ती कात्रीने मशीनवर दोनदा टणटण करायची आणि बाबा उठून चालू लागायचे. एकदाच टण केलं की थांबायचे.

ताईची स्वतःची गोष्टही सगळ्या गल्लीला ठाऊक होती. अकरा वर्षांपूर्वी तिचं डोकं बिघडलं, दोनदा तिला उचलून मनोरुग्णालयात नेलं, आणि तेव्हापासून तिच्यावर सक्तीच्या उपचारांचा हुकूम होता. दर चौथ्या मंगळवारी दवाखान्यात येऊन इंजेक्शन घ्यायचं. चुकलं तर गाडी दारात. इंजेक्शनने गुण येतो हे ताई नाकारत नव्हती. "औषधाशी माझं भांडण नाही," ती म्हणायची, "हुकमाशी आहे." कारण इंजेक्शननंतर दोन दिवस ती ओंडक्यासारखी पडून राही. अशाच एका बुधवारी बाबा अनवाणी बाहेर पडले आणि भर चौकात हात आडवा करून तासभर रहदारी सांभाळत उभे राहिले.

विद्यापीठाची पाहणीवाली आली ती यानंतर आठवड्याने. घरी विसरभोळेपणाचा आजार असलेलं माणूस सांभाळणाऱ्यांवर तिचं संशोधन चाललं होतं. पोरगी नम्र होती, दारातच चपला काढून आली, बाबांनाही नमस्कार केला. मग कागद काढून तिने विचारलं, "सांभाळणाऱ्या व्यक्तीवर सक्तीच्या मानसोपचाराचा हुकूम आहे का?"

"आहे," ताई म्हणाली.

पाहणीवालीने पेन खाली ठेवलं. "मग आपल्याला इथेच थांबावं लागेल. तसा नियम आहे. तुम्ही या पाहणीत बसत नाही."

"बसत नाही म्हणजे?"

"म्हणजे सांभाळणारी व्यक्ती म्हणून तुम्हाला धरता येत नाही. सक्तीच्या उपचारांवर आमच्याकडे दुसरं संशोधन चालू आहे, त्यात तुम्ही नक्की बसाल."

"तिथे बाबांबद्दल विचारतात?"

"नाही. तिथे फक्त उपचारांबद्दल."

ताईने हातातली पँट बाजूला ठेवली. "म्हणजे अर्धी मी त्या दुसऱ्या संशोधनाच्या कागदात, आणि उरलेली अर्धी कुठेच नाही. मग चार वर्षं या माणसाला आंघोळ कोण घालतंय? भुताटकी?"

पोरगी लाल झाली. ताईने विचारलं, "माझ्यासारखे किती जण वगळलेत आतापर्यंत?"

"तुमच्यासकट नऊ."

"नऊ घरांतली म्हातारी माणसं काय वाऱ्यावर जगतात? लिहा, कागदाच्या कडेला लिहा. बाई म्हणाली की मला वगळलंत तर तुमचं उत्तर चुकेल."

पाहणीवालीने खरोखरच ते कडेला लिहिलं, शब्द न बदलता.

ताई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. खिडकीतल्या कारकुनाला म्हणाली, "माझा मंगळवार शनिवारवर ढकला. सिस्टर शनिवारी घरोघर फिरतात, मला घरीच टोचू द्या. शनिवार-रविवार माझ्या धाकट्या भावाला सुट्टी असते, बाबांना तो बघेल." धाकटा येतो म्हणाला नव्हता, पण नाहीही म्हणाला नव्हता.

"तारीख हुकमात आहे," कारकून म्हणाला. "बदलायची तर अर्ज करा. दोन महिने लागतील."

"दोन महिन्यांत बाबा सीमेपलीकडे पोचतील."

कारकून हसला, पण तारीख बदलली नाही. ताईने अर्ज केला, त्यावर शिक्का मारून घेतला, आणि पुढच्या इंजेक्शनच्या मंगळवारी ती गेलीच नाही. मशीनवर बसून दिवसभर चेनी बसवत राहिली. गाडी येणार हे तिला माहीत होतं. भीती वाटत होती. तरी ती उठली नाही.

गाडी गुरुवारी सकाळी आली. सिस्टर आणि दोन धट्टेकट्टे माणसं. बाबा दारातल्या खुर्चीतून उठले आणि वाट अडवून उभे राहिले. "गाडी भरली आहे," ते म्हणाले. "मागची घ्या."

माणसं थबकली. सिस्टर ताईला सात वर्षं ओळखत होत्या. "ताई, उगाच तमाशा कशाला? चल बघू मुकाट्याने."

"इंजेक्शन नको असं मी म्हटलेलंच नाही, सिस्टर. परवा, शनिवारी, याच खुर्चीत द्या. आज मला नेलंत तर यांचं काय?"

सिस्टरनी बाबांकडे पाहिलं, डॉक्टरांना फोन लावला, बराच वेळ हं हं केलं. मग मान हलवली. "घेऊनच या म्हणतात."

"ठीक आहे," ताई म्हणाली. "मग दोघांना न्या."

तिने बाबांना कोट चढवला, केस विंचरले, गोळ्यांची डबी आणि कपड्यांचा जोड पिशवीत भरला. कुणी तिच्या दंडाला धरायच्या आत ती स्वतःच गाडीत जाऊन बसली. बाबा ड्रायव्हरशेजारी बसले आणि वाटभर त्याला क्लच कसा सोडायचा ते शिकवत राहिले. त्याने दोनदा "हो साहेब" म्हटलं.

डॉक्टरांच्या खोलीत ताईने पिशवी टेबलावर ठेवली. "हे माझे बाबा. मी झोपेन ते दोन दिवस हे तुमचे. दूध कोमट लागतं. लघवीची खूण म्हणजे कोटाची बटणं काढायला लागतात. खोलीचं दार उघडं ठेवलंत तर ड्यूटीवर जातात."

"अहो, ही काय धर्मशाळा आहे?" डॉक्टर म्हणाले.

"नाही ना? माझं घरही तुरुंग नाही. तरी तुम्ही माणसं पाठवलीत."

डॉक्टरांनी धाकट्याला फोन केला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे ताईलाही ऐकू आलं. "तिला काही दिवस आतच ठेवा," धाकटा म्हणत होता. "बाबांची कुठेतरी सोय बघू. तिला झेपत नाही."

ताईला ते लागलं. अकरा वर्षांपूर्वीही हाच आवाज, हेच वाक्य. पण या वेळी ती रडली नाही. तिने फोन मागून घेतला. "अरे, बाबा गेल्या महिन्यापासून कुठल्या कुशीवर झोपायला लागलेत, सांग. नाही ना माहीत? मग झेपणं-न झेपणं मी ठरवीन." आणि डॉक्टरांकडे वळून ती म्हणाली, "मला फेरतपासणी मंडळापुढे उभं राहायचं आहे. तो माझा हक्क आहे, हुकमाच्या पाठीमागेच छापलंय."

सिस्टर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "छापलंय खरं, डॉक्टर." मग त्यांनीच सुचवलं की शनिवारी सकाळी आपण इंजेक्शन घरी जाऊन देऊ, तोवर जबाबदारी आपली. डॉक्टरांनी कटकट करत सही केली आणि दोघांना घरी सोडलं.

मंडळ तीन आठवड्यांनी बसलं. दोन पुरुष आणि मधोमध एक वयस्क बाई. बाईंनी विचारलं, "आपण आजारी आहोत हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे. औषधही मान्य आहे. पण कुठल्या दिवशी झोपायचं हे मी ठरवणार. आणि घरात मी फक्त आजारी नसते. सांभाळणारीही असते. असे नऊ जण विद्यापीठाच्या पाहणीतून वगळलेत, आणि तुमच्या फायलीतही माझ्या बाबांबद्दल एक शब्द नाही. बघा उघडून."

बाईंनी फाइल चाळली. खरंच नव्हता.

हुकूम उठला नाही. सहा महिन्यांसाठी वाढला. पण मात्रा कमी करून बघायची, इंजेक्शन शनिवारी घरी द्यायचं, आणि रुग्ण ही वडिलांची एकमेव सांभाळणारी आहे, असं फायलीत पहिल्यांदाच लिहिलं गेलं. इंजेक्शननंतरच्या दोन दिवसांची सोय भावाने करावी असंही बाईंनी सांगितलं.

"आता झालं ना समाधान?" एका सदस्याने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "सहा महिन्यांनी परत येते. हुकूमच काढायला."

पाहणीवालीचा फोन आला तो त्याच आठवड्यात. तिच्या प्राध्यापकांनी बरीच खळखळ केली, पण त्या नऊ घरांत परत जायला अखेर परवानगी दिली. "सावकाश या," ताई म्हणाली, "पण दुपारी. सकाळी आम्ही दोघंही कामात असतो."

आणि इंजेक्शनच्या शनिवारी धाकटा आला. तोंड पाडून, पण आला. सिस्टर इंजेक्शन देऊन गेल्यावर ताई मागच्या खोलीत आडवी झाली. अर्ध्या तासात बाहेरून त्याचा रडकुंडीला आलेला आवाज ऐकू आला, "ताई, बाबा माझं ऐकतच नाहीत गं."

"मग तू त्यांचं ऐक," ताई म्हणाली, आणि कूस बदलून झोपी गेली.