‘अजून नाही’चा शिक्का

मी शिक्का बोलतोय. दचकू नका, तुमच्या कागदावर बसायला आलेलो नाही. माझ्या अंगावर ‘अजून नाही’ असं कोरलेलं आहे आणि कॉलेजातला संख्याशास्त्राचा अख्खा वर्ग मला वचकून असतो.

मला घडवलं मॅडमच्या मिस्टरांनी. त्यांचं शिक्क्यांचं दुकान होतं. मॅडमनी ‘नापास’ असा शिक्का मागितला होता.

“नापास म्हटलं की विषय संपला,” ते म्हणाले. “तू तर पोरांना पुन्हा बोलावणार आहेस ना? मग ‘अजून नाही’ म्हण.” उरलेल्या रबरातून त्यांनी माझा धाकटा भाऊ कापला, ‘जमलं’. तो लाडका. मी कामाचा.

मॅडमच्या वर्गात गुण नसतात. वर्षभरात बारा गोष्टी यायला हव्यात, बस्स. आली की भाऊ उमटतो, नाही आली की मी. पुन्हा परीक्षेला कितीही वेळा बसा. पण माझा ठसा असलेला मागचा कागद, आणि त्याखाली कुठे चुकलं ते स्वतःच्या हातानं लिहिलेलं, दाखवल्याशिवाय बसता येत नाही.

“मॅडम, पस्तीस टक्के तरी द्या की!” पोरं कुरकुरतात.

“पस्तीस टक्के पोहता येणाऱ्याला विहिरीत ढकलू का?”

यंदा वर्गात एक गोडबोल्या होता. सगळे त्याला पुढारी म्हणत. नोकरीचं पत्र हातात, सोमवारी रुजू व्हायचं, अट एकच: हा विषय पूर्ण हवा. अकरा गोष्टी जमलेल्या. बारावी अडलेली: थोड्यांना विचारून सगळ्यांबद्दल सांगणं. पठ्ठ्यानं कँटीनमध्ये जेवणाऱ्या चाळीस जणांना विचारलं, इथलं जेवण आवडतं का? आणि लिहिलं, कॉलेजातल्या शंभरातल्या नव्वदांना आवडतं. मी बसलो. मग त्यानं ऐंशी जणांना विचारलं, त्याच कँटीनमध्ये. मी पुन्हा बसलो, जरा दाबून.

गुरुवारी त्यानं तिसरा कागद दिला. एकशेवीस जण, कँटीन तेच. मॅडम फळा पुसायला वळल्या आणि मी गेलो त्याच्या शर्टाच्या खिशात.

“शिक्काच नसेल तर नाही कोण म्हणणार?” बाहेर येऊन तो मित्राला म्हणाला.

शुक्रवारी तो मला तसाच खिशात घालून वर्गात आला.

“शिक्का सापडत नाही,” मॅडम म्हणाल्या. “तुझा कागद इथेच राहील.”

“मग ‘जमलं’ मारा की, मॅडम. तो तर आहे!”

“जमलं असतं तर मारला असता.”

“बरं, उद्या पुन्हा बसतो.”

“शिक्क्याचा कागद दाखव आणि बस.”

पुढाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. मला खिशातून दिसत नव्हता, पण छातीतली धडधड चांगली ऐकू येत होती.

“दुसरा करून घ्या ना, मॅडम.”

“करणारा माणूस राहिला नाही,” मॅडम म्हणाल्या आणि हजेरी घ्यायला लागल्या.

आता मी काय केलं म्हणता? माझी शाई तेलकट, दोन-दोन दिवस वाळत नाही. त्या पांढऱ्या शर्टावर मी निळा डाग पाडत बसलो होतो. चांगला वाटीएवढा.

तास संपल्यावर तो एकटाच टेबलाशी आला. “मॅडम, हा... कँटीनमध्ये सापडला.”

“तुझं सगळं कँटीनमध्येच सापडतं.” मॅडमची नजर डागावर होती.

तो खाली बघायला लागला. “नाही. मीच नेला होता. चुकलो, मॅडम.”

त्यांनी मला हातात घेतलं, अंगठ्यानं पुसलं, आणि त्याच्याच हातात दिलं. “मार.”

त्यानं स्वतःच्या कागदावर मला मारलं. खाली लिहायला पेन टेकवलं, आणि अडला.

“कँटीनमध्ये कोण असतं?” मॅडमनी विचारलं.

“जेवणारे.”

“आणि ज्यांना आवडत नाही ते?”

“ते... डबा आणतात.” त्यानं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

शनिवारी सकाळी तो गेटवर उभा राहिला. आत येणाऱ्या दर दहाव्याला विचारलं, असे दीडशे जण. उत्तर आलं शंभरात चाळीस, सात-आठ इकडेतिकडे. मॅडमनी कागद दोनदा वाचला आणि खण उघडला. त्यांचा हात माझ्यावरून पुढे गेला. धप्प! तो आवाज मी आडवा पडून ऐकला. हेवा वाटला का? थोडा.

आता माझ्या कडा झिजल्यात, पण मॅडम मला बदलत नाहीत. चला, निघतो, पुढच्या वर्गाचे साठ कागद येऊन पडलेत. एकच सांगतो: तुमच्यावर बसलो तर खुशाल शिव्या द्या, पण तो कागद फाडू नका. पुन्हा आत यायला तोच लागतो.