खिशातला डावा हात

सन २००४, नोव्हेंबरची नऊ तारीख, मंगळवार, सकाळचे अकरा. स्थळ चंदीगड, सेक्टर १७, एका संगणक-दुरुस्ती केंद्राचा पहिला मजला. अंगावर धातू नको म्हणून श्यामकांत पेठकरांनी अंगठी आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवले, मॉनिटरचा प्लग उपसला आणि डावा हात पँटच्या खिशात घातला. दोन्ही हात यंत्रात असले की विजेला छातीतून वाट मिळते, हे हवाई दलाच्या कार्यशाळेत त्यांनी वीस वर्षे इतरांना शिकवले होते. मार्चमध्ये मात्र ते स्वतःच विसरले. धक्क्याने स्टुलावरून फेकले गेले, आणि तेव्हा उजव्या हाताला सुटलेला कंप अजून थांबला नव्हता.

समोर केंद्राची नवी व्यवस्थापक हिमानी काळे उभी होती. ती इथेच वाढलेली. तिची मराठी निम्मी हिंदी. पेठकरांनी दुरुस्तीच्या टेबलावर राहायचे की खाली गोदामात बसायचे, हे आजचे काम पाहून ती ठरवणार होती.

"अजून किती वेळ, श्यामकांतजी?"

"दहा मिनिटं होऊ द्या, मॅडम. मग उघडतो."

"अहो, हा फ्लॅट मॉनिटर आहे. जुन्या डब्यासारखी पिक्चर ट्यूब कुठाय यात? प्लग काढला, बात खतम!"

"आतल्या कपॅसिटरला प्लग काढल्याची खबर नसते, मॅडम."

ती हसली. "फार घाबरता यार तुम्ही."

ते खरेच होते, आणि खरे नाकारण्याची पेठकरांना सवय नव्हती. दहा मिनिटांनी स्क्रू काढताना पेचकस दोनदा घसरला. झाकण निघाले, आत अंगठ्याएवढा काळा कपॅसिटर दिसला. त्यात साठलेली वीज दिसत नाही, आवाज करत नाही, तिला वासही नसतो. त्यांनी तारा जोडलेला साठ वॅटचा बल्ब घेतला. कपॅसिटर भरलेला असेल तर बल्ब क्षणभर चमकतो आणि ती वीज पिऊन टाकतो. तारांची टोके टेकवली. बल्ब चमकला नाही.

"खाली है," असे म्हणत हिमानीने आतली सर्किटची पट्टी उचलायला हात घातला. मनगटात स्टीलचे कडे होते.

खिशातला डावा हात कधी बाहेर आला, हे पेठकरांना कळलेच नाही. तिच्या मनगटावर फटका बसला.

"मुझपे हाथ उठाया?"

"बल्ब... आधी बल्ब तपासायचा असतो. माझ्याकडून राहिला."

त्यांनी मीटर लावला. कापऱ्या हातातून टोके तीनदा सटकली; चौथ्यांदा आकडा स्थिरावला : दोनशे ब्याण्णव व्होल्ट. हिमानीने बल्ब कानापाशी नेऊन हलवला. तुटलेली तार आत किणकिणली.

पेठकरांनी दुसरा बल्ब आधी सॉकेटमध्ये पेटवून पाहिला, मग कपॅसिटरला लावला. तो चमकून विझला. मीटरवर शून्य आले तेव्हा त्यांनी अंगठी आणि घड्याळ चढवले, हत्यारांची पेटी मिटली आणि कुणी न सांगताच जिन्याकडे निघाले. वर्षात दुसरी चूक, शिवाय साहेबावर हात उचललेला. गोदाम खालीच होते.

मागे धातूचा आवाज झाला. त्यांची अंगठी होती त्या जागी हिमानीने कडे काढून ठेवले होते. ती मनगट चोळत होती.

"काका, पेटी परत ठेवा. या टेबलावर तुम्हीच बसणार."