हुबेहूब भाऊजी

माझी मेहुणी कुठलीही गोष्ट अर्धीच सांगते. उरलेली अर्धी ऐकायला ऐकणाऱ्याने तिच्या मागेमागे फिरावं अशी तिची इच्छा असते, आणि मी फिरतो. एका रविवारी ती आणि साडू आमच्याकडे जेवायला आले होते. जेवता जेवता तिने सांगितलं, की नदीपलीकडच्या छोट्या चित्रसंग्रहालयात ते दोघं जाऊन आले आणि तिथल्या एका चित्रात हुबेहूब मी आहे.

"हुबेहूब म्हणजे?" मी विचारलं.

"हुबेहूब म्हणजे हुबेहूब, भाऊजी. मला तर तिथेच हसू आवरेना."

हसू आवरेना, हे शब्द मी ध्यानात घ्यायला हवे होते. पण स्वतःबद्दल कोणी बोललं की माणूस त्यातले सोयीचे शब्द तेवढे उचलतो. मी 'हुबेहूब' उचलला आणि बाकीचे तिथेच सोडून दिले. कुठलं चित्र, कोणाचं चित्र, मी खोदून खोदून विचारलं. ती म्हणे, पुढच्या रविवारी सगळेच जाऊ, तुमचे तुम्ही शोधा. साडूंकडे पाहिलं तर ते ताटात मान घालून जेवत होते. साडू जमीन मोजणीच्या खात्यात आहेत. उंच, दाट केसांचे, कमी बोलणारे. देवाने त्यांना इतकं सगळं दिलंय, की त्यांच्या गप्प बसण्यालाही लोक हुशारी समजतात.

माझा चेहरा कोणाच्या लक्षात राहत नाही. मी कवळ्या बनवतो. दवाखान्यातून जबड्याचं माप येतं, मी त्यात प्लास्टर ओततो, साचा तयार झाला की मेणात एकेक दात बसवत जातो. ज्या दवाखान्यात मी वर्षानुवर्षं कवळ्या पोचवतो, तिथली टेबलामागची बाई अजूनही दर वेळी मला विचारते, की आपली वेळ ठरली आहे का. अशा माणसाला कोणी सांगितलं, की तू रंगवून भिंतीवर टांगलेला आहेस, तर त्याच्या अंगावर मूठभर मांस चढणारच.

तो आठवडा मी काय काम केलं ते माझं मला ठाऊक. मेणात दात बसवता बसवता मधेच आरशात बघायचो. हनुवटी जरा वर केली आणि उजेड डावीकडून आला, तर माझ्यात काहीतरी होतं. काय होतं ते ठरत नव्हतं. झगा घातलेला न्यायाधीश असू शकत होता. जाड ग्रंथावर हात ठेवलेला पंडित असू शकत होता. अगदीच नाही तर दुर्बीण घेतलेला दर्यावर्दी. शनिवारी न्हाव्याकडे गेलो आणि मिशी जरा जुन्या वळणाची करायला सांगितली. त्याने विचारलं, किती जुन्या. मी म्हटलं, घोडागाडीच्या वेळची. त्याने दोन्ही टोकं कापली. रविवारी मी मुलीच्या लग्नात शिवलेला निळा कोट काढला. पोटावरचं बटण श्वास आत ओढल्यावर लागलं. बायकोने पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "अहो, आपण बघायला चाललोय, की तुम्हाला बघायला कोणी येणार आहे?"

संग्रहालयाच्या इमारतीत पूर्वी पाणीपुरवठ्याचं कार्यालय होतं. आतल्या एका दारावर 'तक्रारी' ही पुसट अक्षरं अजून दिसत होती, आणि त्या दारामागे आता मातीची भांडी मांडलेली होती. तिकीट देणारी बाईच छत्र्या ठेवून घ्यायची आणि तीच चित्रांची कार्डं विकायची. फरशीला नुकतंच पॉलिश केलेलं असावं, कारण माझे बूट पावलागणिक केविलवाणा आवाज करत होते. मी टाचा उचलून चालायला लागलो. त्याने आवाज थांबला नाही, नुसता बारीक झाला.

पहिल्या खोलीत मोठमोठ्या माणसांची चित्रं होती. समोरच न्यायाधीश बसलेले. मी मनात म्हटलं, हे बघा. सहज उभं राहिल्यासारखं दाखवत मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, हनुवटी वर केली, उजेड डावीकडून घेतला आणि मेहुणीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग एक सेनापती होते. नाही. जहाजांचे मालक होते, त्यांच्या शेजारीही मी उभा राहिलो. नाही. न्यायाधीशावरून निघालेला मी एकेक पायरी खाली उतरत होतो आणि दर पायरीला स्वतःला समजावत होतो, की वैद्य होणंही काही वाईट नाही. शेवटी कोपऱ्यात 'एक अनोळखी गृहस्थ' म्हणून एक चित्र होतं. त्यांचा अर्धा चेहरा अंधारात होता, म्हणजे जुळायला वाव होता. मी तिथे बराच वेळ रेंगाळलो. शेवटी मेहुणी जवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊजी, त्यांना केस आहेत."

वरच्या मजल्यावर नद्या, डोंगर आणि होड्या होत्या. होडीतली माणसं तांदळाएवढी, पण मी चष्मा सरसावून तीही तपासली. बायको प्रत्येक चित्राखालची पाटी वाचत सावकाश येत होती. शेवटच्या खोलीत एकच मोठं चित्र होतं, दुहेरी पलंगाएवढं. खाली लिहिलं होतं, 'बाजारातला दात काढणारा.'

मधोमध लाल टोपी घातलेला एक देखणा माणूस उभा होता. बाह्या वर सारलेल्या, हातात चिमटा, भोवती ही गर्दी. दात म्हणजे माझाच धंदा की. मी चित्रासमोर ताठ उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात कबूल केलं, की नाक बरंच जुळतंय. मेहुणी पदर तोंडाशी धरून भिंतीकडे वळली. साडूंना माझी दया आली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चित्राच्या खालच्या भागाकडे बोट दाखवलं.

मला वाटलं, मी तो रोगी. तो खुर्चीत आडवा पडला होता, तोंडाचा आ, डोळे पांढरे. तेवढंही चाललं असतं, निदान तो मधोमध होता. पण साडूंचं बोट आणखी खाली गेलं. तिथे, अगदी तळाशी, जमिनीवर एक माणूस बसला होता. रोग्याने लाथा झाडू नयेत म्हणून त्याने त्याचे दोन्ही पाय छातीशी आवळून धरले होते. टोपी पडलेली, टक्कल उघडं, एक गाल रोग्याच्या गुडघ्यावर चेपलेला, आणि जोर लावताना ओठांच्या कोपऱ्यातून जिभेचं टोक बाहेर आलेलं.

तो मी होतो. त्यात वाद नव्हता. कान माझे, डोळ्यांखालच्या पिशव्या माझ्या. जीभसुद्धा माझीच, कारण मेणात दात बसवताना ती तशीच बाहेर येते.

मी वाद घातलाच. म्हटलं, मला काही साम्य दिसत नाही. तेव्हा खोलीवर लक्ष ठेवणाऱ्या स्वेटरवाल्या बाई आपल्या स्टुलावरून उठल्या. त्यांनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत जाऊन चष्मा घेऊन आल्या आणि पुन्हा दोन्हीकडे पाहिलं. मग अतिशय आदराने त्यांनी मला विचारलं, की आपले पूर्वज इकडचेच का. इथे माझी उरलीसुरली हवा निघून गेली. तेवढ्यात एक जोडपं आत आलं, त्यांनाही बाईंनी आधी चित्रातला मी दाखवला आणि मग खोलीतला. त्यांनी माझा फोटो काढायची परवानगी मागितली. साडू आयुष्यात पहिल्यांदाच विनोद करायला निघाले. एक पाय पुढे करून म्हणाले, "धरा हवं तर. नाहीतरी सासरच्या कोणाचे तरी पाय तुम्ही धरायचे राहिलेच होते."

सगळे हसले. मी हसण्यासारखं तोंड केलं आणि अब्रू वाचवायला माझ्या ज्ञानाकडे धावलो. मी सगळ्यांना सांगायला लागलो, की चित्रकाराला दातांतलं काही कळत नाही. याने खालच्या जबड्यात वरचे दात बसवलेत. खालचे पुढचे दात असे रुंद नसतात, अरुंद असतात, अशी कवळी मी पाठवली तर दवाखाना ती तोंडावर फेकेल. हा, हा दात बघा, असं म्हणत मी बोट पुढे केलं आणि भिंतीत कुठेतरी शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. खालून तिकीटवाली बाई जिन्याने धापा टाकत वर आली. स्वेटरवाल्या बाईंनी कुठलीशी कळ दाबून आवाज बंद केला आणि माझी समजूत घातली, की मनाला लावून घेऊ नका, बऱ्याच जणांचं बोट पुढे जातं. मग जरा विचार करून त्या म्हणाल्या, की बहुतेक लहान मुलांचं.

यानंतर मेहुणी आणि साडू मातीची भांडी बघायला खाली गेले. जोडपंही गेलं. बायको मात्र चित्रासमोरच्या बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो, तसं कोटाचं बटण तुटून बाकाखाली गेलं. ते तिथेच राहू दिलं. आता श्वास तरी घेता येत होता. मी तिला म्हटलं, चल, झाली तेवढी शोभा पुरे झाली, तुझी बहीण हे आता गावभर करणार.

ती उठली नाही. "नीट बघा ना," ती म्हणाली. "एवढी माणसं जमलीत, निम्मी हसतायत. तो लाल टोपीवाला तर लोकांकडेच बघतोय, दाताकडे त्याचं लक्ष नाही. त्या बिचाऱ्याला धरून कोणी ठेवलंय?"

मी पाहिलं. खरोखरच सगळी गर्दी बघ्यांची होती. आणि मघाशी मला दिसलं नव्हतं, पण रोग्याने एका हाताने खालच्या त्या माणसाची कॉलर मुठीत घट्ट धरलेली होती. सगळ्या चित्रात त्याला धरायला दुसरं काही नव्हतं.

"बाबांना शेवटी शेवटी तुम्ही पलंगावरून उचलायचात," बायको म्हणाली, "तेव्हा तुमचं तोंड अस्संच व्हायचं. मी दारातून बघायचे. धाकटी म्हणाली ना हुबेहूब, तिने बाबांच्या खोलीत तुम्हाला कधी पाहिलंच नाही. मी पाहिलंय."

सासऱ्यांना उचलताना ते अर्धं ओझं स्वतःच पेलल्याचा आव आणायचे, आणि मी त्यांना म्हणायचो, बाबा, तुम्ही होतात म्हणून जमलं. हे कोणी बघत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. स्वेटरवाल्या बाई खिडकीशी जाऊन बाहेर बघत होत्या, मुद्दाम बघत असाव्यात.

मला भरून आलंय हे बायकोच्या ध्यानात आलं असावं, कारण तिने लगेच आवरतं घेतलं. "पण जीभ आत घ्यायला हवी होती," ती म्हणाली आणि उठली.

निघताना मी तिकीटवाल्या बाईला त्या चित्राचं कार्ड मागितलं. आता मला ते हवं होतं. माझ्यातला शहाणा परत आला होता आणि दवाखान्यात, न्हाव्याकडे, कोणाकोणाला ते दाखवायचं याची मनात जुळवाजुळव सुरू झाली होती. बाईने कार्ड दिलं. कागद लहान म्हणून छापताना चित्राच्या कडा छाटल्या होत्या. लाल टोपीवाला आला होता, रोगी आला होता, गर्दीतला एक कुत्राही पूर्ण आला होता. मी नव्हतो. कार्डाच्या खालच्या कडेला रोग्याच्या गुडघ्यांभोवती फक्त दोन हात दिसत होते. मी तक्रार केली, की यात महत्त्वाचा माणूसच गाळलाय. बाईने कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि समजावलं, की गिऱ्हाईक लाल टोपीसाठी घेतं. मी कार्ड परत ठेवायला लागलो, तर बायकोने माझ्या हातातून ते घेतलं आणि पर्समध्ये टाकलं.

हल्ली ते स्वयंपाकघरात असतं, साखरेच्या डब्याला टेकवलेलं. मुलगी माहेरी आली होती, तिने चहा करताना ते उचललं आणि विचारलं, की हे खाली हात कोणाचे. बायकोने भाजी चिरता चिरता सांगितलं, "तुझ्या बाबांचे."

मुलीने बरं म्हटलं, कार्ड होतं तिथे ठेवलं आणि चहात साखर घातली. मी दारातच उभा होतो, सगळी हकीकत सांगायला तयार. तिने मला विचारलं, बाबा, तुम्हाला अर्धा कप की पूर्ण.