चाकावरचा हात

"उचला. डावा. अहो, डावा म्हणते मी!"

"उचलतोय की," मास्तर म्हणाले.

कुठे काय! दोन्ही पाय जमिनीला चिकटलेले. स्वयंपाकघराच्या दारात मास्तर उभे होते, मागून त्यांच्या कमरेला धरून मास्तरीणबाई, आणि शेगडीवरचे दूध आपल्या मर्जीने वर येत होते. मास्तरीणबाईंनी एकदा दुधाकडे पाहिले, एकदा नवऱ्याच्या पायांकडे, आणि गेले तर गेले म्हणून दूध सोडून दिले. ते गेलेच.

कंपवातात हात थरथरतात एवढे त्यांना ठाऊक होते. पाय असे जागच्या जागी गोठतात, हे घरात घडायला लागल्यावर कळले. त्यातही दार आले की संपलेच. मोकळ्या खोलीत माणूस बरा चालायचा आणि चौकट दिसली की खांबासारखा उभा.

"मी जड झालो का गं तुला?"

"झालात. सरका आता, मला दूध पुसायचंय."

मास्तर हसले. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस. मुलांनी त्यांचे नावच 'जडत्व' पाडले होते, कारण तो धडा आला की मास्तरांच्या अंगात यायचे. थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते, चाललेली चालतच राहते, बाहेरून कुणी जोर लावेपर्यंत. हे नुसते सांगून त्यांचे समाधान व्हायचे नाही. फळ्यापासून धावत सुटायचे, शेवटच्या बाकाशी पाय रोवायचे, आणि वरचे धड पुढे कोलमडले की विचारायचे, "का पडलो? सांगा, का पडलो?" पोरे हसून हसून बेजार. शर्टाचे कोपर दर वर्षी त्या एका धड्यापायी फाटायचे आणि मास्तरीणबाई ते शिवायच्या.

मास्तरीणबाई म्हणत असले तरी त्यांनी एक दिवस कुणाला शिकवले नव्हते. बाहेरच्या खोलीत खिडकीशी पायाने चालवायचे शिवणयंत्र होते. त्यावर त्या शाळेचे गणवेश शिवायच्या. गावभरच्या पोरांच्या चड्ड्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. सकाळी पांघरूण ओढून नवऱ्याला उठवायच्या तेव्हा तो म्हणायचा, "आलं, बाह्य बल आलं."

आता तेच बाह्य बल कमी पडत होते. ओढून पाहिले, ढकलून पाहिले, रागावून पाहिले. एक दिवस मात्र त्यांच्या नाकी नऊ आले. मास्तर आतल्या खोलीच्या दारात अडकलेले, इकडे गणवेशांचा ढीग पडलेला. "राहा उभे!" म्हणून त्या तरातरा बाहेर आल्या आणि यंत्रावर बसल्या. रागात पायडल जरा जोरातच चालले. खट्-खट्, खट्-खट्. एक बाही लावून होते न होते तोच शेजारून आवाज आला, "कॉलर उलटी लावतेयस."

"अगबाई! तुम्ही? कसे आलात?"

"चालत," मास्तर म्हणाले, आणि स्वतःच इतके चकित झाले की डोळे भरून आले त्यांचे.

मग पुन्हा करून पाहिले. यंत्र चालले की मास्तर चालत. ठेका धरला की पाय उचलला जाई, चौकट असो नाहीतर नसो. यंत्र थांबले की मास्तर थांबत. मास्तरीणबाई त्या दिवशी उगाच रिकामे पायडल मारत बसल्या, आणि मास्तर आतून बाहेर, बाहेरून आत, लहान मुलासारखे फिरत राहिले. किती दिवसांनी घरात कुणीतरी हसले.

पण यातली गोम त्यांच्या लवकरच लक्षात आली. यंत्रावर बसले तर नवऱ्याला धरणार कोण? आणि धरायला उठले तर यंत्र बंद, म्हणजे नवराही बंद.

"पडलात म्हणजे?" त्या म्हणाल्या.

"चालणं म्हणजे तरी काय? दर पावलाला पडायचंच असतं. पडायच्या आत दुसरा पाय पुढे येतो, म्हणून लोक त्याला चालणं म्हणतात."

"शाळा पुरे."

त्यात लेकीचा फोन आला. ती आणि जावई रविवारी येणार होते, चाकांची खुर्ची घेऊन. "आई, तुझ्याने होत नाही आता. बाबांना खुर्चीत बसवायचं आणि आमच्याकडे न्यायचं. बास झालं." लेक वाईट नव्हती. आईचे खांदे कसे दुखतात, हे तिला दिसत होते.

मास्तरांनी ऐकले. जेवून हात धुताना म्हणाले, "रविवारी दार मी उघडणार."

"कशाला?"

"चालत जाऊन दार उघडणाऱ्या माणसाला खुर्चीत कोण बसवेल? तू फक्त यंत्र सोडू नकोस. एकदा खुर्चीत बसलो ना, की मी उठत नाही. नियमच आहे तो."

मास्तरीणबाईंना नाही म्हणवले नाही. त्यांनाही तेच हवे होते. लेकीचे घर चांगले होते, पण तिथे नवऱ्याला एका खोलीतून दुसरीत ढकलत नेलेले त्यांना बघवले नसते. रविवारपर्यंत दोघांनी तालीम केली. सतरंजी गुंडाळून ठेवली, वाटेतले स्टूल हलवले, मास्तरांच्या पायांतले गुळगुळीत मोजे काढून टाकले. पलंगापासून दारापर्यंत मास्तर बिनचूक जायचे, कडीला हात लावायचे आणि वळून बघायचे. तेवढ्यासाठी त्या दिवसभर पायडल मारायला तयार होत्या.

रविवारी मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मास्तरीणबाई सकाळपासून यंत्रावर. जिन्यात लेकीचा आवाज आला तसा त्यांनी ठेका धरला. आतून मास्तर निघाले. आतली चौकट ओलांडली, यंत्रापाशी आले, जाता जाता बायकोकडे बघून डोळासुद्धा मिचकावला मेल्याने. पुढे गेले. आता मास्तरीणबाईंना त्यांची फक्त पाठ दिसत होती.

घंटी वाजली.

तालमीत घंटी नव्हती. कुणाला सुचलीच नव्हती.

"आलो, आलो!" मास्तर म्हणाले. घंटी पुन्हा वाजली आणि त्यांची पावले लहान झाली, भरभर झाली. ठेका मागे राहिला, पाय पुढे. पायांच्याही पुढे डोके. दाराच्या दिशेने ते चालत नव्हते, घरंगळत होते. "थांबा!" मास्तरीणबाई ओरडल्या, आणि हात आपोआप गेला तिथे, जिथे जन्मभर यंत्र थांबवायला जायचा. पंजा चाकावर पडला. खटखट तुटली.

पाय थांबले, अगदी जागच्या जागी. धड थांबले नाही.

"आई? काय पडलं? आई, दार उघड!"

दार आतल्या बाजूला उघडायचे आणि दाराला लागूनच मास्तर पडले होते. त्यांना बाजूला केल्याशिवाय ते उघडणार नव्हते. मास्तरीणबाईंनी काखांत हात घालून ओढले. आपला माणूस किती जड आहे हे त्यांना इतक्या वर्षांत कधी कळले नव्हते. बाहेरून लेक दारावर थापा मारत होती. मास्तर कण्हले, मग हळूच म्हणाले, "का पडलो? सांग."

"काही बोलू नका हो."

"पाय थांबवलेस. वरचं कसं थांबेल? बरोबरच आहे गं ते." शिकवतानाचाच आवाज. रागाचा लवलेश नाही. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते, असे मास्तरीणबाईंना वाटले.

दार उघडले तेव्हा जावई घडी केलेली खुर्ची धरून उभा होता.

खुब्याचे हाड मोडले होते. डॉक्टरांनी ते जुळवले, पण पाय काही परत आले नाहीत. मास्तरांना उठून बसणेही होईना, तेव्हा खुर्चीचाही उपयोग उरला नाही. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून राहिली, कोरी करकरीत. लेकीने नेतो, नेतो म्हटले, मग तीही म्हणेनाशी झाली. असा माणूस जिन्यावरून उतरवायचा कसा? जाताना तिने आईच्या गळ्यात पडून विचारले, "मी दोनदा का वाजवली गं घंटी?" मास्तरीणबाई म्हणाल्या, "तुला काय ठाऊक," आणि आपल्या हाताबद्दल तिला काहीच सांगितले नाही.

शाळा उघडायची वेळ आली. बरेच दिवस झाकून ठेवलेल्या यंत्रावरचे कापड त्यांनी काढले. गिऱ्हाइकांना किती दिवस नाही म्हणणार? दोरा ओवला, पायडलवर पाय ठेवला. खट्-खट्, खट्-खट्. अर्धी बाही झाली आणि आतून पलंग कुरकुरू लागला. त्यांनी मान वळवून पाहिले. मास्तरांचे डोळे मिटलेले होते. पांघरुणाखाली पाय हलत होते, थोडे थोडे, एक आणि मग दुसरा, यंत्राच्या ठेक्याला धरून. कुठे चालले होते देव जाणे.

त्यांनी पाहिले न पाहिलेसे केले आणि बाही पुरी केली. शिवण संपली तसा उजवा हात सवयीने चाकाकडे गेला. चाकापाशी पोचून थबकला. त्यांनी तो मागे घेऊन मांडीवर ठेवला.

तेव्हापासून त्या चाकाला हात लावून थांबवत नाहीत. काम उरकले की हळूहळू पायाचा जोर कमी करतात, मग पाय काढून घेतात. चाक आपले थोडे फिरते, आणखी थोडे फिरते. ते आपोआप थांबेपर्यंत आणि आत पलंगाची कुरकूर थांबेपर्यंत त्या बसून राहतात. मग उठून दूध तापत ठेवतात.